शनिवारी न फिरणारा घाणा

हिब्रू भाषेत एक वाक्प्रचार रूढ आहे. दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही मेळ नसताना कोणी त्या एकत्र आणू लागले, की शेमिटाचा सिनाय पर्वताशी काय संबंध, असे त्याला विचारले जाते. शेमिटा म्हणजे दर सातव्या वर्षी शेतजमीन पड ठेवण्याचा नियम आणि सिनाय म्हणजे जिथे मोशेला ईश्वरी आज्ञा मिळाल्या असे मानले जाते तो पर्वत. हा प्रश्न ‘तोरा’ या ज्यू धर्मग्रंथावरील प्राचीन भाष्यात येतो आणि अकराव्या शतकातील राशी या थोर भाष्यकाराने तो सर्वतोमुखी केला. सर्वच आज्ञा सिनायवर मिळाल्या असतील, तर ग्रंथात त्या पर्वताचे नाव नेमके शेतजमिनीच्या विश्रांतीपाशीच का घेतले जावे, हे त्यामागचे कुतूहल.

तोराचा सातारा-सांगलीशी काय संबंध, असाही प्रश्न याच थाटात विचारता येईल. या दोन जिल्ह्यांत ज्यूंचे प्रार्थनामंदिर नाही. सर्वांत जवळचे ते पुण्याला. तरीही हा ग्रंथ मराठीला परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी, आडनावे किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांवरून आलेली आणि या समाजाला शेजाऱ्यांनी दिलेले नाव ‘शनिवार तेली’. शिवाय तोरातील नियमांचा मोठा भाग शेती, पाऊस, जनावरे, मजुरी आणि कर्ज यांविषयीचा आहे. कृष्णाकाठच्या आणि माणदेशातल्या माणसाला यांपैकी एकही विषय नवा नाही.

(मराठीत ‘तोरा’ म्हणजे ऐट. हिब्रूतल्या शब्दाचा अर्थ मात्र ‘शिकवण’ असा आहे. उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे.)

बाजाराच्या दिवशीचे वाचन

मोशेच्या नावावर असलेल्या पाच ग्रंथांना मिळून तोरा म्हणतात. मराठी बायबलमध्ये त्यांची नावे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीवरून हे पाचही ग्रंथ वर्षभरात मोठ्याने वाचून पूर्ण केले जातात. त्यासाठी त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. प्रत्येक भागाला ‘पराशा’ म्हणतात आणि त्या त्या आठवड्याचा पराशा शनिवारी सकाळी जगभरच्या ज्यू प्रार्थनामंदिरांत वाचला जातो. शरद ऋतूत शेवटचा भाग संपतो त्याच दिवशी पहिला भाग पुन्हा सुरू होतो. आपल्याकडच्या पारायणाशी याचे साम्य आहे. फरक एवढाच, की हे पारायण कधी उठत नाही.

शनिवारखेरीज सोमवारी आणि गुरुवारीही पराशाचा आरंभीचा थोडा भाग वाचतात. त्याचे एक कारण मोठे व्यवहारी आहे. प्राचीन काळी हे खेड्यापाड्यांतून नगरात येण्याचे, बाजाराचे आणि न्यायनिवाड्याचे दिवस होते. ज्यांना एरवी ग्रंथ ऐकायला मिळणार नाही, त्या शेतकऱ्यांच्या कानांवर तो त्या निमित्ताने पडावा, अशी ही योजना. धर्मग्रंथ आठवडी बाजारापर्यंत नेणारी ही कल्पना थोर म्हटली पाहिजे. त्याही पुढची पायरी म्हणजे दुभाष्याची. सामान्यांना हिब्रू कळेनासे झाले, तेव्हा वाचकाशेजारी एक माणूस उभा राहून प्रत्येक वाक्याचा अर्थ बोलीभाषेत सांगू लागला.

मराठीत हे दुभाष्याचे काम अनेकांनी केले. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. या कथेचा काळ निश्चित सांगता येत नाही. मात्र अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध येईपर्यंत या समाजाकडे लिखित तोराची परंपरा जवळजवळ नव्हती, याबद्दल फारसा मतभेद नाही. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधले. पुढे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी मात्र हिब्रू शिकून घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. आणि १८८० पासून मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्या पुढाकाराने चक्क कीर्तने होऊ लागली. मराठी कीर्तनाची परिचित रीत, साकी-दिंडीच्या चाली, आणि आख्यान अब्राहाम, योसेफ किंवा मोशेचे! बाजारात उभ्या राहणाऱ्या त्या जुन्या दुभाष्याला याहून चांगला वारस मिळणे कठीण होते.

बैलाची सुटी

ग्रंथ हाताशी नव्हता, त्या काळात या समाजाने काय सांभाळले, हे पाहण्यासारखे आहे. सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शमा इस्रायल’ ही प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. व्यवसाय तेल गाळण्याचा. आठवड्यातून एक दिवस यांचा घाणा बंद असतो, एवढीच खूण गावाला पुरेशी होती आणि त्यावरूनच ‘शनिवार तेली’ हे नाव पडले.

घाण्याचा बैल हे मराठीत न संपणाऱ्या कष्टाचे रूपक आहे. डोळ्यांना झापड, फिरणे गोलगोल, पोहोचणे कुठेच नाही. तोरातला शब्बाथचा नियम याच बैलाविषयी बोलतो. निर्गम ग्रंथात सातव्या दिवशी काम थांबवण्याची आज्ञा देताना बैल आणि गाढव यांना विसावा मिळावा, हा हेतू उघडपणे सांगितला आहे. त्यांच्या पाठोपाठ दासीचा मुलगा आणि परका माणूस यांनाही श्वास घेता यावा, असे म्हटले आहे. मालकाच्या विश्रांतीचा उल्लेख या यादीत शेवटीही नाही. तो थांबला म्हणजे बाकीच्यांना थांबता येते, एवढाच त्याच्या थांबण्याचा अर्थ.

सातारा-सांगलीकडे आषाढात बेंदूर होतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, सणादिवशी त्यांना अंघोळ, रंगवलेली शिंगे, पुरणपोळीचा घास आणि खांद्यावर जू नाही. ज्याने बेंदूर पाहिला आहे, त्याला शब्बाथची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. बेंदूर वर्षातून एकदा येतो आणि शब्बाथ बावन्न वेळा, हा फरक मात्र लहान नाही. वर्षातून एकदा केलेली पूजा ही कृतज्ञता असते. दर आठवड्याला दिलेली सुटी हा हक्क होतो.

तोरात दहा आज्ञा दोनदा येतात आणि विश्रांतीचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे दिले आहे. पहिल्यांदा सांगितले जाते, की ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विश्राम केला म्हणून. दुसऱ्यांदा, म्हणजे अनुवाद ग्रंथात, कारण निराळेच आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नये म्हणून. गुलामाला सुटी नसते. ज्याने ते सोसले, त्याने दुसऱ्याला तसे राबवू नये. भाष्यकारांनी या दोन कारणांवर पुष्कळ खल केला आहे. आधुनिक वाचकाला दुसरे कारण अधिक जवळचे वाटावे, यात नवल नाही. मुंबईच्या गिरण्यांत सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतून गेलेले हजारो कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १८९० मध्ये त्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. आज ती कॅलेंडरावरची लाल चौकट आहे आणि तिच्यामागे कोणी भांडले होते हे बहुतेकांच्या गावीही नसते.

आभाळाचे पाणी, पाटाचे पाणी

अनुवाद ग्रंथातील ‘एकेव’ या पराशात पाण्याविषयीचा एक उतारा आहे. मोशे लोकांना सांगतो, की तुम्ही जो मिसर देश सोडून आलात, तिथे भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी द्यावे लागे. आता ज्या देशात जात आहात, तो डोंगर-दऱ्यांचा देश आभाळाचे पाणी पितो. पायाने पाणी देणे म्हणजे काय, यावर अभ्यासकांनी तर्क लढवले आहेत. उसात दारे धरणाऱ्या माणसाला मात्र ते चटकन उमगेल. पायाने माती सारून एका सरीचे पाणी दुसऱ्या सरीत वळवणे हे त्याचे रोजचे काम आहे.

मिसर नाईलच्या भरवशावर होता, पाऊस पडो न पडो. इस्रायलचा डोंगराळ प्रदेश पावसाच्या मर्जीवर. हे दोन देश सातारा-सांगलीत शेजारी शेजारी आहेत. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो, कित्येक वर्षी तेवढाही गाठत नाही. कृष्णा-कोयनेच्या काठी पाट आणि मोटारी. माणदेशात आभाळाकडे लागलेले डोळे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी ही सीमारेषा बरीच पुढे सरकवली, तरी पुसलेली नाही.

त्या उताऱ्याचा पुढचा भाग ‘शमा’ प्रार्थनेत समाविष्ट आहे आणि तो रोज दोनदा म्हटला जातो. आज्ञा पाळाल तर पहिला आणि शेवटचा पाऊस वेळेवर पडेल, नाही तर आभाळ बंद होईल, असा त्याचा आशय. हा भाग आधुनिक मनाला अडचणीत टाकतो, हे मान्य केले पाहिजे. दुष्काळ ही पापाची शिक्षा असेल, तर पर्जन्यछायेतल्या माणसाने असे कोणते पाप केले? ज्यू विचारवंतांनीही हा प्रश्न टाळलेला नाही. काही उदारमतवादी पंथांनी तर हा परिच्छेद आपल्या प्रार्थनापुस्तकांतून वगळला. दुसऱ्या काहींनी त्याचा अर्थ असा लावला, की येथे संबोधन एकवचनी नसून अनेकवचनी आहे. एकेका माणसाच्या पापपुण्याचा हिशेब नसून समाजाने जमीन, पाणी आणि वने कशी वापरली, त्याचा हा परिणाम आहे. हा दुसरा अर्थ माणदेशात अधिक लागू पडतो. पाऊस कमी पडणे हा निसर्गाचा भाग. पण पडलेले पाणी कोणाच्या शेतात जाते, हे माणसे ठरवतात.

खानापूर तालुक्यात येरळा नदीवरचे बलवडीचे बळीराजा धरण हे याचे बोलके उदाहरण आहे. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ते उभारले. त्यासाठी नदीतली थोडी वाळू स्वतः विकून पैसा जमवला. पाणीवाटपाचे दोन नियम ठरले. भूमिहीन कुटुंबांनाही पाण्यात वाटा आणि त्या पाण्यावर ऊस नाही. जमीन असेल त्यालाच पाणी, हा समज तिथे मोडला गेला.

‘एकेव’मधल्या त्याच परिच्छेदात आधी जनावरांसाठी गवत आणि मग तुम्ही खाऊन तृप्त व्हाल, असा क्रम येतो. तलमूदकालीन आचार्यांनी शब्दांच्या या क्रमावरून नियम काढला, की जनावरांना चारा घातल्याखेरीज माणसाने जेवू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात माण-खटाव-आटपाडीची कुटुंबे जनावरांसह चारा छावण्यांत राहायला आली. घरे ओस, चुली छावणीत, शाळकरी मुले दप्तरासह कडब्याच्या पेंढ्यांवर. हा क्रम त्यांना कोणी ग्रंथातून शिकवला नव्हता.

जमिनीने घेतलेली रजा

आता शेमिटा. लेवीय ग्रंथातील ‘बेहार’ या पराशात सांगितले आहे, की सहा वर्षे शेत पेरा, द्राक्षमळा छाटा, पण सातवे वर्ष जमिनीच्या विश्रांतीचे. त्या वर्षी पेरायचे नाही. आपोआप जे उगवेल, त्यावर मालक, नोकर, मजूर, परका, गुरे आणि रानातली जनावरे या सर्वांचा सारखा हक्क. शेताचे कुंपण त्या वर्षापुरते जणू नाहीसे होते. जमीन ईश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर पाहुणी, हे त्यामागचे तत्त्व त्याच अध्यायात पुढे येते.

बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने याचे एक सरळ कारण दिले: पड ठेवल्याने जमिनीचा कस वाढतो. पुढच्या काही भाष्यकारांना ते पटले नाही. एवढाच हेतू असता, तर तो शेतकऱ्याच्या शहाणपणावर सोडता आला असता, धर्माज्ञेची गरज काय, असा त्यांचा आक्षेप. त्यांच्या मते येथे जमिनीपेक्षा मालकीच्या भावनेला विश्रांती द्यायची आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडचे जुने शेतकरीही रान पड टाकत, पिकांची फेरपालट करत. पण तुकडे लहान झाले, कर्जाचे हप्ते सुरू झाले, की पड टाकणे ही चैन ठरते.

कृष्णाकाठी ही चैन कोणालाच परवडली नाही. मिरज, वाळवा, पलूस, तासगाव या तालुक्यांत वर्षानुवर्षे उसामागून ऊस, पाण्याचा मोकळा वापर आणि रासायनिक खतांचा मारा यांमुळे भूजल वर आले, क्षार पृष्ठभागावर साचले आणि हजारो एकर काळी जमीन क्षारपड झाली. जिथे एकरी टनांच्या गोष्टी चालत, तिथे पांढरा थर आणि लव्हाळा दिसू लागला. ‘बेहार’च्या लगेच पुढचा पराशा ‘बेहुक्कोताय’ हा आहे आणि कित्येक वर्षी हे दोन्ही एकाच शनिवारी वाचले जातात. तुम्ही जमिनीला विश्रांती दिली नाही, तर तुम्ही हद्दपार झाल्यावर ती आपली राहिलेली विश्रांती घेईल, असा इशारा त्यात आहे. क्षारपड रानाच्या बांधावर उभे राहिले, की या इशाऱ्यातली हद्दपारी शब्दशः घेण्याची गरज उरत नाही. मालक गावातच आहे, सातबारा त्याच्याच नावावर आहे, पण जमीन रजेवर गेली आहे.

अर्थात रूपकाच्या भरात शास्त्र विसरू नये. क्षारपड जमीन नुसती पड ठेवून सुधारत नाही. उलट, पाणी साचलेल्या जमिनीतून बाष्पीभवन होत राहते आणि क्षार वाढतच जातात. तिला भूमिगत सच्छिद्र पाइपांची निचरा व्यवस्था लागते आणि ती एकट्या शेतकऱ्याच्या बांधात मावत नाही. शेजाऱ्यांनी मिळून पाण्याला वाट काढून द्यावी लागते. सांगली जिल्ह्यात असे सामुदायिक निचऱ्याचे प्रयोग झाले आहेत. शेमिटाही एकेकट्याने पाळायची नव्हती. सर्वांनी एकाच वर्षी थांबायचे, ही तिची अट होती.

इस्रायलमध्येही या नियमाशी गाठ पडल्यावर श्रद्धा आणि संसार यांची ओढाताण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नव्याने वसलेल्या ज्यू शेतकऱ्यांना वर्षभर पेरणी थांबवणे म्हणजे उपाशी मरणे होते. तेव्हा १८८८-८९ च्या शेमिटासाठी धर्मगुरूंनी वाट काढली, की जमीन तेवढ्या काळापुरती ज्यू नसलेल्याला विकावी. मालकीच बदलली, की नियम लागू होत नाही. ही कागदोपत्री विक्री आजही होते आणि तिच्यावरचा वादही तितकाच जिवंत आहे. मागचे शेमिटा वर्ष २०२१-२२ चे होते, पुढचे २०२८-२९ मध्ये येईल.

कुकरूडची कर्जखते

सातव्या वर्षाला आणखी एक अंग आहे. अनुवाद ग्रंथ सांगतो, की त्या वर्षी कर्जे माफ करावीत. आणि लगोलग एक सूचना देतो: सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारण्याचा नीच विचार मनात आणू नका. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता, हे यावरून दिसते. व्हायचे तेच झाले. लोक कर्जच देईनासे झाले. तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या आचार्याने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज काढला. त्यान्वये धनको आपले येणे न्यायालयाकडे सोपवी आणि ते माफीतून सुटे. ग्रंथाचा शब्द वाकवून गरिबाची पत वाचवण्याचा हा प्रकार. हिल्लेलवर टीका झाली, अजूनही होते. पण ज्याला बियाण्यासाठी पैसे हवेत, त्याला माफीच्या आश्वासनापेक्षा कर्जाची शाश्वती मोलाची असते, हे त्याने ओळखले होते.

सातारा-सांगलीच्या इतिहासात याचे प्रतिबिंब सापडते. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. माणसांना इजा फारशी झाली नाही. रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळली गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या कुकरूड येथेही सावकाराचे घर फोडून कागद नष्ट करण्यात आले. कुकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. १९४९ पर्यंत हा सारा मुलूख साताऱ्याचाच होता. माफी वरून येत नाही, तेव्हा ती खालून अशी घेतली जाते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. न्यायालयाने कर्जाच्या मुळाशी जावे, हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. परिणाम काय? अनेक सावकारांनी हात आखडता घेतला किंवा गहाणखताऐवजी जमिनीचे खरेदीखतच लिहून घेणे सुरू केले. हिल्लेलला जी अडचण दिसली होती, तीच पुन्हा उभी राहिली.

२००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांच्या वेळी हाच वाद नव्या शब्दांत झाला. माफी द्यावी की नाही, या प्रश्नाला तोराच्या परंपरेत एकाक्षरी उत्तर नाही. माफीचे वर्ष आधीच, सर्वांना ठाऊक असलेले, निवडणुकीशी संबंध नसलेले असावे, एवढे मात्र त्या योजनेतून स्पष्ट दिसते.

सरवा आणि कोयता

पीक काढताना शेताचा कोपरा न कापता ठेवावा, पडलेली कणसे मालकाने परत उचलू नयेत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ते सारे गरीब, परके, अनाथ आणि विधवा यांचे, असे लेवीय आणि अनुवाद हे दोन्ही ग्रंथ सांगतात. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: सरवा. ज्वारीच्या काढणीनंतर, भुईमुगाच्या उपटणीनंतर सरवा वेचणाऱ्या बाया आजच्या वयस्करांनी पाहिल्या आहेत. तलमूदने या नियमाचा बारकाईने विचार केला. मालकाने आपल्या मर्जीतल्या गरिबाला निवडून ते देता कामा नये. गरिबाने स्वतः येऊन घ्यायचे, कारण ते दान नसून त्याचेच आहे.

इथे आपल्या गावगाड्याशी तुलना करण्याचा मोह होतो, कारण बलुतेदाराचाही खळ्यावर हक्क होता. पण तो मोह आवरलेला बरा. बलुते जन्माने ठरलेल्या कामाशी आणि जन्माने ठरलेल्या अपमानाशी बांधलेले होते. मूळचे आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मकथन वाचले, की त्या हक्कासाठी काय मोजावे लागे ते कळते. तोरातल्या सरव्याला जात नाही, हे खरे. मात्र त्या ग्रंथानेही दास्य मुळापासून उपटले नाही, त्याला मर्यादा घातल्या, हेही तितकेच खरे.

ग्रंथातला शब्द नव्या परिस्थितीला कसा लावायचा, याचे शास्त्र ज्यू परंपरेत मोठे आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईला त्याचा अर्थ सांगावा लागू नये. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत मीमांसेचा अभ्यास पिढ्यांनी केला. केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे धर्मकोशाचे काम तिथेच झाले. मीमांसक ज्याला कैमुतिक न्याय म्हणतात, म्हणजे लहान ठिकाणी जे लागू ते मोठ्या ठिकाणी लागू असणारच, तसाच ‘कल वाहोमेर’ हा न्याय तलमूदात पदोपदी वापरला जातो. आपलेच लोक ऐकत नाहीत, तर फारो राजा कसा ऐकेल, हा मोशेचा युक्तिवाद त्याचे जुने उदाहरण. अनुवाद ग्रंथातल्या ‘की तेत्से’ या पराशात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नका, अशी आज्ञा आहे. खळ्यावर फिरणाऱ्या बैलाने दोन घास खाल्ले तर खाऊ द्यावेत. त्याच पराशात राबत्या माणसाला मालकाच्या मळ्यातले खाण्याची मुभा आहे. तलमूदने हे दोन नियम शेजारी ठेवून राबणाऱ्याचे हक्क कुठवर पोहोचतात याची चर्चा केली.

आणि त्याच पराशात मजुरीचा नियम येतो. मजूर तुमच्यापैकी असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर अडकलेला असतो.

गाळप हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सातारा-सांगलीच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसे मोजायची आणि नाव हत्याराचे. त्यांना मजुरी सूर्यास्ताला मिळत नाही, ती आधीच मिळालेली असते. मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली उचल घरातल्या लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या देण्यात संपून जाते आणि मग सहा महिने ती फेडण्यासाठी तोडणी चालते. फिटली नाही, तर पुढच्या हंगामाला चिकटते. साप्ताहिक सुटी नाही. कारखान्याचा बॉयलर पेटला की मध्यरात्रीही गाडी भरावी लागते. उसाचे वाढे तेवढे बैलांसाठी मिळते, जास्तीचे विकून चार पैसे होतात. मजुरी अडवून ठेवणाऱ्या मालकाला तोराने आज्ञा दिली. मजुरी आधी देऊन माणूसच अडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा तिथे उल्लेख नाही. कैमुतिक न्यायाने तो काढायचा, तर फार लांब जावे लागणार नाही.

‘की तेत्से’ हा पराशा साधारण भाद्रपदाच्या सुमारास वाचला जातो. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या प्रार्थनामंदिरात, मुंबई-ठाण्यात, आणि कोकणातल्या ज्या गावी अजून दहा पुरुष जमतात तिथे. बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे ते हाच पराशा वाचतात आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले आहे. त्याच दिवसांत मराठवाड्यातल्या गावांत पुढच्या हंगामाच्या उचली ठरत असतात. दसरा झाला, की टोळ्या पश्चिमेकडे निघतात.